सड्यावरच्या सायकलस्वारांसाठी

दिवाळी सरली की रत्नागिरीकडच्या दवाखान्यांत एक नवा रुग्ण दिसू लागतो. वय पंचेचाळीस ते साठ, अंगात तंग चड्डी, पुण्या-मुंबईहून गाडीच्या टपावर जाड टायरची सायकल बांधून आलेला. महामार्गावरच्या ट्रकांना कंटाळून त्याने सड्यावरची मातीची वाट धरलेली असते, आणि ही निवड मला मनापासून पटते. राजापूर तालुक्यात कशेळी, देवाचे गोठणे या बाजूला जांभ्याची पठारं पसरली आहेत. तिथल्या मातीच्या वाटांवर बराच वेळ एकही गाडी आडवी येत नाही. मध्येच कातळावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रं भेटतात. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे; तेवढ्यासाठी तरी सायकलवरून उतराच. धूर नाही, हॉर्न नाही. रक्तदाब, साखर आणि झोप या तिन्हींवर इतकं स्वस्त औषध माझ्याकडे दुसरं नाही.

मात्र गाडी नाही म्हणजे काळजी नाही, असं धरून पुष्कळ जण निघतात. गाडीखाली सापडण्याची भीती गेली, तरी हात, बैठक आणि ऊन यांचे त्रास उरतात. ते हळूहळू येतात आणि बळावतात तेव्हा दवाखाना लांब असतो.

पहिली गोष्ट, किलोमीटरचा हिशोब सोडा. डांबरावर तासाला वीस किलोमीटर जाणारा माणूस सुट्या खडीवर बारा-चौदावर येतो आणि दम तेवढाच लागतो. त्यात कोकणात सपाटी अशी नाहीच. सडा संपला की घाटी, घाटी उतरली की खाडी, खाडी ओलांडली की पुन्हा चढ. म्हणून वेळ मोजा आणि श्वासाकडे लक्ष द्या. चढावर शेजारच्याशी दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. ‘हं’च्या पलीकडे काही निघत नसेल तर उतरून सायकल ढकला, त्यात कमीपणा नाही. मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. चढावर छातीत जडपणा येणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणं, हे ‘गॅस’ म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथेच थांबायचं, 108 ला फोन करायचा. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी पाच तास सायकल मारण्याचा बेतही मला पसंत नाही. मधल्या दिवसांत दोनतीनदा अर्धा-पाऊण तास तरी पाय हलू द्या.

सगळ्यात जास्त तक्रार हातांची. ‘डॉक्टर, करंगळीला मुंग्या येतात, शर्टाचं बटण लागत नाही.’ करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देणारी अल्नर नस मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने तळव्यात शिरते. तिथे तिच्यावर मांसाचं आवरण बेताचं, आणि हँडल नेमकं तिथेच टेकतं. डांबरावर हा दाब एकटा असतो. मातीच्या वाटेवर त्याला हादऱ्यांची जोड मिळते, शिवाय घाटी उतरताना ब्रेकवर मूठ आवळलेली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दाब दुसऱ्या नसेवर, मीडियन नसेवर आहे. नेमकी कोणती बोटं ते डॉक्टरांना नीट सांगा. निम्मं निदान त्यातच होतं.

घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. एक कागद घ्या. त्याची एक कड उजव्या हाताच्या आणि दुसरी डाव्या हाताच्या अंगठ्याने तर्जनीच्या बाजूवर दाबून धरा. अंगठे सरळ ठेवून कागद दोन्हीकडून ओढा. ओढताना एखाद्या हाताचा अंगठा शेवटच्या पेरात वाकत असेल, तर त्या हाताच्या अल्नर नसेचा स्नायूंवरचा ताबा सुटू लागला आहे. मग सायकल बंद आणि दवाखाना. नुसत्या मुंग्या असतील आणि हात झटकल्यावर काही मिनिटांत जात असतील, तर दुरुस्ती सायकलची करायची. टायरमधली हवा कमी करा. टायरच्या कडेवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते; 40 मिलिमीटरच्या टायरला, 70 किलोच्या माणसाला, मातीवर 35 पीएसआयच्या आसपास पुरते. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर धड पुढे घसरून सगळा भार हातांवर येतो, म्हणून सीट सपाट करून घ्या. मनगट मागे मुडपू नका आणि पकड सारखी बदलत राहा. या दाबाच्या मुंग्यांवर बी-12ची इंजेक्शनं घेत बसण्यात अर्थ नाही. हां, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल आणि मुंग्या पायांच्या बोटांनाही येत असतील, तर बी-12 जरूर तपासा.

बैठकीबद्दल लोक बोलायला लाजतात, विशेषतः पुरुष. जांघेमधला भाग बधिर होणं म्हणजे तिथल्या नसेवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब येणं. सीट फार उंच किंवा अरुंद असेल तर हे होतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहायची सवय लावा. गादीच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, आणि उतरल्यावर त्याच ओल्या चड्डीत सोलकढी पीत बसायचं नसतं. कोकणच्या दमट हवेत जांघेत गजकर्ण धरायला तेवढं पुरतं. गजकर्ण झालंच तर औषधाच्या दुकानातून ‘खाजेचं मलम’ मागून लावू नका. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते आणि पुढे महिनोन्‌महिने दाद देत नाही. या एका मलमाने आपल्याकडे जेवढा घोळ घातलाय तेवढा सायकलींनी कधीच घातलेला नाही!

आता पाणी. किनाऱ्यावर तापमान 32 अंश दिसतं आणि माणूस बेफिकीर राहतो. पण हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागेल. लांबच्या फेरीत नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं ठणकतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. सोबती आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण चिघळतं. शहाळं उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून शहाळ्याबरोबर काहीतरी खारट खा. मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा सकाळची मिठाची पेज ही आपल्याकडची जुनी सोय चांगलीच आहे. ओआरएस घेणार असाल तर 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच घाला. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर मीठ किती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. उन्हात माणूस बरळू लागला तर ताप समजून पॅरासिटामॉल देऊ नका, त्याने उष्माघात उतरत नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि रुग्णालय गाठा.

मधुमेहींनी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना खिशात साखर ठेवल्याशिवाय निघू नये. साखर संध्याकाळी, कधी रात्री झोपेतही उतरते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीने लघवी वाढून अंगातलं पाणी कमी होतं. लांबच्या फेरीच्या दिवशी ती घ्यायची की नाही, हे आधी विचारून ठेवा.

जांभ्याच्या खडीवर माणूस पडतोच. खरचटलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा, दुखलं तरी माती निघाली पाहिजे. हळद, चुना, कॉफी पावडर काही भरू नका. माती गेलेल्या जखमेसाठी धनुर्वाताची लस पाच वर्षांत झाली नसेल तर घ्या. दर सहा महिन्यांनी टोचून घेण्याची गरज नाही. हातावर पडला असाल आणि अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल, तर एक्स-रे करा. तो चांगला आला तरी निर्धास्त होऊ नका. तिथलं स्कॅफॉइड नावाचं लहान हाड मोडलेलं असूनही पहिल्या फोटोत कधीकधी दिसत नाही. मनगट आधारात ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा.

शेवटी फुरसं. सड्यावरचा हा साप जेमतेम हात-दीड हात लांब, रंगाने मातीत मिसळणारा, दगडांच्या फटीत बसणारा. दगडांच्या ढिगावर टेकू नका, बघितल्याशिवाय कपारीत हात घालू नका. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करू नका. तो अवयव न हलवता, माणसाला न चालवता, सरकारी रुग्णालयात न्या. सर्पदंशाची लस तिथे मिळते. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे दंश किती वाजता झाला ते डॉक्टरांना सांगा. विंचवाच्या दंशातही घरी वेळ काढू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्रॅझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून अशा रुग्णांचे प्राण वाचू लागले, पण ती गोळी वेळेत पोटात जावी लागते.

सड्यावर मोबाइलला सगळीकडे रेंज नसते. म्हणून निघण्याआधी कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार आणि वाटेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणत्या गावात आहे, एवढं कागदावर लिहून मुक्कामाच्या घरी देऊन जा.