नदीकाठची सायकलवाट सोपी का?

दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रियात जाण्याचा योग आला, तेव्हा डॅन्यूब नदीच्या काठाने चार दिवस सायकल चालवली. परत आल्यावर अकरावीच्या वर्गात ही हकीकत सांगत होतो. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने गेलात म्हणजे सगळा उतारच की! मग पायडल मारायचे तरी कशाला?" वर्ग हसला, मीही हसून मान डोलावली. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला, की त्या मुलाचे म्हणणे चूक होते आणि माझे मान डोलावणे त्याहून चूक. आकडे मांडले की हे सहज कळते.

प्रथम वाटेची ओळख करून घेऊ. जर्मनीच्या सरहद्दीवरील पासाऊ शहरापासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या दोन्ही काठांनी सायकलींसाठी वाट आहे. बहुतेक ठिकाणी मोटारींना तिच्यावर मज्जाव असतो. गावांत मात्र ती लहान रस्त्यांना मिळते. नदीच्या मार्गाने हे अंतर सुमारे ३०० कि.मी. भरते. मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३५ कि.मी.चा टप्पा म्हणजे वाखाऊचे खोरे. येथे नदीने कठीण खडक कापून अरुंद दरी केली आहे. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षमळे चढत गेलेले दिसतात आणि मधूनमधून जर्दाळूच्या बागा. २००० साली युनेस्कोने या खोऱ्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आता गणित. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत नदीची पातळी सुमारे १३० मीटरने उतरते. ३०० कि.मी.त १३० मीटर, म्हणजे दर किलोमीटरला सरासरी फक्त ४३ सेंटिमीटर! समजा, सायकलस्वार, सायकल व सामान मिळून वस्तुमान ९५ किलोग्रॅम आहे. त्यांचे वजन ९५ × ९.८ = ९३१ न्यूटन. उतारामुळे पुढे ढकलणारे बल ९३१ × ०.०००४३, म्हणजे अवघे ०.४ न्यूटन. एका लहानशा लिंबाचे वजन साधारण एवढे असते. उताराची सारी मदत ती एवढीच.

याउलट विरोध किती होतो ते पाहा. टायर रस्त्यावर दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा खर्च होते. चांगल्या रस्त्यावर हा विरोध वजनाच्या दोनशेव्या भागाइतका धरला, तर तो ४.७ न्यूटन होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरळ बसून चालवणाऱ्या माणसासाठी तो साधारण ०.३६ × (वेग)² न्यूटन धरता येईल. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा. ताशी १८ कि.मी., म्हणजे सेकंदाला ५ मीटर, या वेगाला हवेचा विरोध ९ न्यूटन येतो. एकूण विरोध १३.७ न्यूटन. नदीच्या दिशेने जाताना त्यातून ०.४ वजा करा, उलट जाताना ०.४ मिळवा. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते. खाली जाताना सुमारे ६६ वॅट आणि वर जाताना ७० वॅट! हा फरक पायांना कळणारसुद्धा नाही.

मग एवढ्या नगण्य उतारावर नदी वाहते तरी कशी, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. व्हिएन्नाजवळ डॅन्यूबमधून दर सेकंदाला सरासरी सुमारे १,९०० घनमीटर, म्हणजे १९ लाख किलोग्रॅम पाणी जाते. ते किलोमीटरमागे ४३ सें.मी. उतरते, तेव्हा दर सेकंदाला सुमारे ८० लाख जूल, म्हणजे ८ मेगावॅट एवढी शक्ती मोकळी होते. उतार तोच, पण आपण ९५ किलोचे आणि नदी केवढी! याच शक्तीसाठी ऑस्ट्रियाने डॅन्यूबवर ओळीने वीजकेंद्रे बांधली. मेल्कचे केंद्र १९८२ साली सुरू झाले. वाखाऊतही धरणाची योजना होती, पण रहिवाशांच्या विरोधामुळे ती बारगळली आणि या टप्प्यात नदी मोकळी वाहत राहिली.

त्या मोकळ्या प्रवाहाचा उपयोग स्पिट्झ गावी पाहायला मिळतो. तेथून पलीकडच्या आर्न्सडॉर्फला सायकलीसह नेणाऱ्या नावेला पुढे ढकलायला इंजिन नाही, वल्हे नाही की शीड नाही. नदीवर आडवी एक पोलादी तार उंच ताणलेली आहे. तारेवर सरकणाऱ्या कप्पीला नाव दोराने बांधलेली असते. नावाडी सुकाणू वळवून नाव प्रवाहाशी तिरपी करतो. पाणी तिरप्या बाजूवर आदळते, तेव्हा त्या बलाचे दोन घटक होतात. प्रवाहाच्या दिशेचा घटक तार पेलते आणि आडवा घटक नावेला पैलतीराकडे नेतो. परतताना तिरकेपणा उलट करायचा. पतंग वाऱ्याबरोबर वाहून न जाता वर चढतो तो मांज्याच्या ओढीमुळे. येथे मांज्याचे काम तार करते. बलाचे घटक फळ्यावर कितीदा काढून दाखवले असतील, पण त्यांच्यावर बसून नदी ओलांडण्याची ही माझी पहिलीच वेळ!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उताराची मदत नाही, तरी वाट सोपी का? कारण तिच्यावर चढ जवळजवळ नाहीत. तुम्ही म्हणाल, चढ असला तर पुढे उतारही येतोच, फिटंफाट होईल. तशी ती होत नाही. समजा, एक किलोमीटर चढ आहे, वीस मीटरला एक मीटर. चढावर गुरुत्वाकर्षणाचा विरोधच ४७ न्यूटन होतो. ७० वॅट शक्ती लावणारा सायकलस्वार तेथे सेकंदाला जेमतेम १.३५ मीटर जाईल, म्हणजे पायी चालण्याच्या वेगाने. त्याला सुमारे ७४० सेकंद लागतील. पलीकडचा तेवढाच उतार तो पायडल न मारता सेकंदाला ११ मीटरच्या आसपास वेगाने ९३ सेकंदांत उतरेल. दोन किलोमीटरला ८३३ सेकंद, म्हणजे सरासरी वेग ताशी ८.६ कि.मी. सपाटीवर तेवढ्याच शक्तीत तो ताशी १८ कि.मी. जात होता. चढताना साठवलेली ऊर्जा उतारावर मिळते खरी, पण वेग वाढताच तिचा मोठा भाग हवा ढवळण्यात जातो. त्यात कोणी भिऊन ब्रेक दाबला, तर उरलेली ऊर्जा ब्रेकच्या रबरात उष्णता होऊन जाते. (मी तसा भित्राच आहे.)

वाहने नसल्याचाही हिशेब आहे. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या सायकलस्वाराची गतिज ऊर्जा ½ × ९५ × २५, म्हणजे सुमारे १,१९० जूल असते. मोटार आडवी आली आणि थांबावे लागले की ती सगळी वाया जाते. एवढ्या ऊर्जेत सपाटीवर सुमारे ८५ मीटर जाता आले असते. गर्दीच्या रस्त्यावर किलोमीटरभरात सहा वेळा थांबणारा माणूस अर्धा किलोमीटर जास्त चालवल्याइतका दमतो, तो यामुळे.

ही वाट इतकी सपाट कोणी केली? पूर्वी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध वर न्यायला काठावरून घोडे जुंपत. जड नाव ओढणाऱ्या घोड्यांना चढ चालत नाही, म्हणून पाण्यालगत सपाट वाट राखलेली असे. १८३० नंतर डॅन्यूबवर आगबोटी धावू लागल्या आणि घोड्यांचे काम हळूहळू संपले. वाटा मात्र राहिल्या आणि १९८० नंतरच्या दशकात त्या सायकलींच्या कामी आल्या.

डोंगरांवरच्या मळ्यांचेही भूमिती हेच कारण. ही जागा सुमारे ४८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबर अखेर, द्राक्षे पिकण्याच्या वेळी, माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ४१.६ अंश वर असतो. सपाट जमिनीला त्याच्या किरणांचा ६६ टक्के भाग मिळतो, तर ३० अंशांच्या दक्षिणाभिमुख उतारावर ९५ टक्के. म्हणून वाइनची द्राक्षे डोंगरावर आणि सायकली खाली. शिवाय पायऱ्यांच्या दगडी भिंती दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात.

राहता राहिला वारा. या भागात तो बरेचदा पश्चिमेकडून येतो, म्हणून बहुतेक प्रवासी पासाऊहून पूर्वेकडे जातात. सेकंदाला २ मीटर एवढी झुळूक पाठीमागून असली तर हवेचा विरोध ९ वरून ३.२ न्यूटनवर येतो. समोरून असली तर तो १७.६ होतो. उताराचे ०.४ मिळवून-वजा करून पाहा. जाताना ३८ वॅट पुरतात, येताना ११४ लागतात. त्या मुलाचा प्रश्न उताराबद्दल होता, आणि खरा फरक पाडणारा वारा आम्हा दोघांच्याही ध्यानात आला नव्हता.

टायरचा विरोध तुम्हीही मोजू शकता. शाळेच्या सपाट मैदानात, वारा नसताना, सायकल सेकंदाला २ मीटर एवढ्या सावकाश वेगाने न्या (१० मीटरच्या खुणांमध्ये ५ सेकंद लागले पाहिजेत). दुसऱ्या खुणेपासून पायडल मारणे थांबवा आणि सायकल किती मीटरवर थांबते ते मोजा. वेगाच्या वर्गाला त्या अंतराच्या १९.६ पटीने भागले की विरोध वजनाचा कितवा भाग आहे ते साधारण कळते. टायरमध्ये हवा कमी करून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा.