बडीशेपेखालचं बिल

हिशेबाला पक्का म्हणून मित्रांत नावाजलेला माणूस जेवणाच्या बिलात कसा गंडतो, याचा नमुना म्हणजे प्रस्तुत लेखक. गेल्या डिसेंबरात कॉलेजचे नऊ जण पुण्यात जमले. निमित्त नेहमीचंच: न्यू जर्सीचा मित्र सुट्टीवर आला होता. हॉटेल लेखकाने ठरवलं, टेबल लेखकाने सांगून ठेवलं आणि शेवटी वेटरने बडीशेपेच्या वाटीखाली दाबून आणलेलं बिलही ओघानेच लेखकापुढे आलं. "मी देतो, तुम्ही नंतर पाठवा," एवढंच तो बोलला. या पाच शब्दांची किंमत ३,७९५ रुपये निघाली.

झालं असं. बिलाचा शेवटचा आकडा होता १०,३९५ रुपये. गप्पा रंगल्या होत्या, वरच्या ओळी वाचायला कोण बसतो! कार्ड दिलं, मशीनवर पिन दाबला. तेवढ्यात न्यू जर्सीकराने विचारलं, "अरे, टीप? वीस टक्के तरी ठेव." घासाघीस होऊन हजारावर तडजोड झाली आणि पाचशेच्या दोन नोटा वाटीत पडल्या. दुसऱ्या दिवशी लेखकाने ग्रुपवर मेनूकार्डाचा फोटो टाकला आणि ज्याने त्याने आपापल्या पदार्थांचे पैसे पाठवावेत, असं सुचवलं. तुझं तू, माझं मी. मराठी माणसाला यात नवं काही नाही.

कोणीही लबाडी केली नाही. सुरमईवाल्याने सुरमईचे पाठवले, पनीरवालीने पनीरचे. लेखकाने स्वतःचाही हिस्सा धरला आणि बेरीज केली, तर ७,६०० रुपये. खिशातून गेले होते ११,३९५.

मग बिल शोधून काढलं आणि पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मेनूतले पदार्थ ९,००० रुपयांचे होते. त्यांपैकी १,४०० रुपये मसाला पापड, दोन स्टार्टर, पाण्याच्या बाटल्या आणि 'सगळ्यांत मिळून' मागवलेल्या कॅरॅमल कस्टर्डचे. ते खाल्लं सगळ्यांनी, त्याला मालक मात्र एकही नव्हता. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ९०० रुपये. त्याच्यासकट सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, ४९५ रुपये. आणि वर हजाराची टीप. म्हणजे सेवेचे पैसे दोनदा गेले होते, आणि सेवेवर कर भरला तो निराळाच.

सर्व्हिस चार्ज हा कर आहे, असा अनेकांचा समज असतो. लेखकाचाही होता. तो सरकारकडे जात नाही, हॉटेलमालकाकडे जातो. त्यातला वेटरला किती मिळतो, ते मालकच जाणे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केलं की, हॉटेलने हा आकार आपणहून बिलात घालू नये, दुसऱ्या नावानेही वसूल करू नये आणि बिलात जोडून त्यावर जीएसटी लावू नये. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात स्थगितीही मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने दोन्ही याचिका फेटाळल्या आणि प्रत्येकीवर एक लाख रुपयांचा खर्च बसवला. त्यावर पुढे अपीलही झालं. ते काहीही असो, आपल्या हातात सोपी गोष्ट आहे: "दादा, हा सर्व्हिस चार्ज काढून नवं बिल आणा," असं शांतपणे म्हणायचं. भांडण वेटरशी करायचं नाही, तो आकार त्याने लावलेला नसतो. नकार मिळाला तर बिलाचा फोटो ठेवावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

कराच्या ओळीही वाचायला शिकावं. साध्या हॉटेलात २०१७ च्या नोव्हेंबरपासून एसी असो वा नसो, जीएसटी पाच टक्केच आहे. अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. खोलीभाडं ७,५०० रुपयांहून जास्त असलेल्या बड्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के असू शकतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या हॉटेलाला तर गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, आणि तसं त्याला बिलावर लिहावं लागतं. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. म्हणून घेणाऱ्यांचं बिल सुरुवातीलाच वेगळं करायला सांगावं, म्हणजे कोकम सरबत घेणाऱ्यावर दुसऱ्याच्या पेगाचा भार पडत नाही. पाण्याच्या बाटलीवरून मात्र हुज्जत घालू नये. हॉटेलात बसून पिताना छापील किमतीहून जास्त आकारता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. साधं पाणी मागावं.

टीप द्यायची किती? मित्राचे वीस टक्के अमेरिकेत रास्त आहेत. तिथल्या संघीय कायद्यानुसार टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतं. १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. उरलेलं वेतन टिपेतून भरून यावं, अशी ती व्यवस्था. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं ही सवलत देत नाहीत, तरी रिवाज तोच. तिथे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: मोठ्या कंपूच्या बिलात अनेक ठिकाणी १८ टक्के ग्रॅच्युइटी आधीच घातलेली असते. न वाचता टीप लिहिली, तर पुण्यात झालं तेच डॉलरमध्ये होतं.

आपल्याकडे किमान वेतनातून टीप वजा करायची अशी सोय नाही. टीप ही खुशी आहे, सक्ती नाही. पण ती द्यावी, कराआधीच्या रकमेवर द्यावी आणि जमेल तर रोख, वाढणाऱ्याच्या हातात द्यावी. गणिताची युक्ती बिलातच असते. जीएसटी पाच टक्के असेल, तर त्याच्या दोन ओळींची बेरीज म्हणजे पाच टक्के टीप, तिच्या दुप्पट म्हणजे दहा.

राहिली वाटणी. सरसकट भागाकार सोपा, पण महाग. अर्थशास्त्रज्ञ उरी नीझी आणि सहकाऱ्यांनी इस्राएलमध्ये सहा-सहा जणांना जेवायला बसवून पाहिलं. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपापलं बिल भरणाऱ्यांनी सरासरी सुमारे ३७ शेकेलचं मागवलं, समान वाटणीत तोच आकडा ५१ झाला आणि फुकट म्हटल्यावर ८२. म्हणजे ऑर्डर द्यायच्या आधी जशी वाटणी ठरते, तशी भूकही ठरते.

लेखकाने आता बसवलेली रीत अशी. सामायिक पदार्थांचे पैसे डोक्यांवर सारखे वाटायचे आणि प्रत्येकाच्या पदार्थांत मिळवायचे. मग टिपेसकट गेलेल्या एकूण रकमेला मेनूच्या बेरजेने भागायचं. येईल त्या आकड्याने प्रत्येकाचा हिस्सा गुणायचा. डिसेंबरच्या रात्री तो आकडा १.२७ च्या आसपास होता. ६०० रुपयांचं खाणाऱ्याचे सामायिक १५६ धरून ७५६ होतात. त्याने साधारण ९५७ रुपये द्यायला हवे होते. सर्व्हिस चार्ज काढून घेतला असता आणि जीएसटीइतकीच टीप ठेवली असती, तर आकडा १.१ आला असता आणि त्याचे ८३२ रुपयांत भागलं असतं. अख्ख्या टेबलाचे वाचले असते १,४९५ रुपये.

पैसे मागायचे ते टेबलावरून उठायच्या आधी. लेखकाने नवा हिशेब दहा दिवसांनी ग्रुपवर टाकला. पाच जणांनी त्याच संध्याकाळी फरक पाठवला, दोघांनी हसरे चेहरे पाठवले. न्यू जर्सीकर तोवर विमानात बसला होता.