निश्चयावर विसंबू नकोस

पंचवटी, नाशिक

चि. बाळास,


परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, सकाळपासून अभ्यासिकेत बसतो, पण संध्याकाळी डोक्यात काहीच उरत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे." ते शेवटचं वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र. तुझ्यात काही कमी नाही. हाताशी फोन ठेवून, एकट्यानं, नुसत्या निश्चयाच्या जोरावर बसायला बघतोस, तिथं चुकतंय.

आधी समोर कोण आहे ते समजून घे. फोनवरचं पान कितीही सरकवलं तरी संपत नाही, ही युक्ती आझा रास्किन या अमेरिकन माणसानं २००६ साली काढली. पुढे त्यानंच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. वर्तमानपत्र संपतं, पुस्तकातलं प्रकरण संपतं, आणि तिथं आपण मान वर करून घड्याळ बघतो. रील्समध्ये ती थांबायची जागाच ठेवलेली नाही. एक संपायच्या आत अंगठा पुढच्यावर गेलेला असतो. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तर पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं रील्स आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स सुरू केले, तेही सगळ्यात आधी भारतात. कमाई जाहिरातींची, म्हणजे तू जितका वेळ बघशील तितका त्यांचा धंदा. त्यासाठी हुशार माणसं पगार घेऊन बसलेली आहेत. रोज सकाळी शपथ घेऊन त्यांच्यापुढे तुझा निभाव लागायचा नाही, आणि लागला नाही म्हणून स्वतःला कोसूही नकोस.

ज्यांना हे साधलं त्यांनी काय केलं, ते बघ. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनात शाळा फोनवर आली आणि नंतर मुलांच्या हातून फोन सुटेना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. मुलं अभ्यासाला बसतील, मोठी माणसं वाचतील, एकमेकांशी बोलतील. सुरुवातीला घरोघर जाऊन समजवावं लागलं. मला त्यात मोलाचं हे वाटतं, की 'आज फोन ठेवू की नको' हा रोजचा झगडा भोंग्यानं संपवला. शिवाय शेजारच्या घरातही फोन बंद, त्यामुळे आपलं काही हुकतंय ही हुरहुर नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच बघायचं तर इगतपुरीची धम्मगिरी. गोएंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या विपश्यनेला माणूस गेला, की फोन आधी जमा करावा लागतो. वही-पुस्तकही चालत नाही. पहाटे चारला घंटा होते, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं. ते पळणारच, हे तिथं गृहीत धरलेलं असतं. पळालं की न चिडता परत आणायचं, बस्स. अभ्यासातही तेच कर. राज्यघटनेचं एक कलम वाचताना मन दहादा पळालं, तर दहादा परत आण; तो दिवस वाया गेला असं समजू नकोस.

ओझरजवळ आग्रा महामार्गावर भीमाबाई जोंधळे यांचं पुस्तकांचं हॉटेल आहे. जेवण येईस्तोवर गिऱ्हाईक फोनमध्ये डोकं घालून बसतं, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या मुलानं टेबलापाशी पुस्तकं ठेवली. फोन वापरू नका असं कुणालाही न म्हणता हाताला दुसरं काही दिलं. तुझ्या उशाशीही एखादं पुस्तक असू दे, अभ्यासाचं नव्हे, आवडीचं. झोपताना हात तिकडे जाईल.

आता तुझी अडचण. नोट्स टेलिग्रामवर, चालू घडामोडी यूट्यूबवर, म्हणून फोन टाकता येत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या रोज, दर तासाला लागत नाहीत. रविवारी आठवड्याभराच्या पीडीएफ उतरवून घे, प्रिंट काढ, आणि सोमवार ते शनिवार कागदावर वाच. अभ्यासिकेत जाताना फोन खोलीवरच राहू दे. दादा-वहिनींना दुपारी जेवायच्या वेळी फोन करायला सांगते, त्यांची काळजी मी बघते. इन्स्टाग्राम मात्र काढून टाक. त्यात तडजोड सुचवणार नाही.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. पर्यायापुढचा गोल काळा करायचे दिवस गेले. तीन तास एका जागी बसून, एक विचार धरून, हातानं लिहायचं आहे. ती बैठक परीक्षेच्या आदल्या महिन्यात येत नाही. आणि मला त्यापुढचंही दिसतं. उद्या तू तहसील कचेरीत बसशील आणि समोर एखादा म्हातारा सातबारा हातात धरून आपली कहाणी सांगत असेल, अडखळत, मागचं पुढे करत. त्याचं सगळं ऐकून घेईल असा अधिकारी त्याला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

एकट्यानं सुरुवात करू नकोस. खोलीतल्या दोघांना हे पत्र वाचून दाखव आणि तिघांची मिळून एक वेळ ठरवा, सकाळी सात ते दहा म्हण. सोमवारपासून सुरू करा, आणि रविवारी पीडीएफ उतरवून झाल्या की मला फोन करून कसं चाललंय ते सांग. अडलं, तर वेळ बदलू. पण सोडू नकोस.

तुझी,
आत्या