घटक ४ : फौजदारी प्रक्रियेची मराठी – शब्द, टप्पा आणि हक्क

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• फौजदारी प्रक्रियेतील प्रमुख मराठी संज्ञांचे अर्थ आणि त्यांतील भेद स्पष्ट करता येतील;
• कोणती संज्ञा प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्याची आहे, हे सांगता येईल;
• आरोपीचे हक्क व विधी साहाय्याची सोय यांविषयी नेमक्या शब्दांत प्रश्न विचारता येतील.

४.१ प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या क्षेत्रांत न्यायव्यवहाराची मराठी वेगळी उठून दिसते. येथे शब्दाचा अर्थ चुकला, तर त्याचा परिणाम माणसाच्या स्वातंत्र्यावर होतो. समजा, इंदापूर तालुक्यातील दोन शेतकऱ्यांत बांधावरून किंवा कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी गावात तीन वाक्ये ऐकू येतात : ‘त्याच्यावर केस झाली’, ‘तो गुन्हेगार ठरला’, ‘आता जेल होणार’. बोलणाऱ्याला ही तिन्ही वाक्ये एकाच अर्थाची वाटतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यामध्ये अनेक टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र शब्द आहे.

१९९८च्या शासकीय अधिसूचनेने जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. परंतु बारामती वा इंदापूर येथील न्यायालयात सामान्य माणसाची पहिली गाठ पडते ती मराठीशीच. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. कलमांचे क्रमांक बदलले. पण येथे अभ्यासावयाच्या बहुतेक संज्ञा कायम राहिल्या.

४.२ संज्ञांचे मूळ

या शब्दसंग्रहाचे तीन थर दिसतात. पहिला थर फार्सी-अरबीचा आहे. ‘फिर्याद’ म्हणजे मुळात मदतीसाठी केलेला आक्रोश. ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर आपले काम सोपवले तो. ‘जामीन’ म्हणजे दुसऱ्यासाठी हमी देणारा माणूस. ‘गुन्हा’ या शब्दाचा मूळ अर्थ पाप. दुसरा थर संस्कृतचा : ‘आरोप’ म्हणजे एखाद्यावर ठेवलेली गोष्ट. ती त्याच्या अंगची आहे की नाही, हे या शब्दात सांगितलेले नाही. तिसरा थर संकरित शब्दांचा : पंचनामा, दखलपात्र, जामीनपात्र. राज्यकारभाराच्या भाषेचा जाणीवपूर्वक विचार शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने केला होता, आधुनिक काळात हे काम शासनाच्या भाषा संचालनालयाने केले.

४.३ नेहमी विचारले जाणारे प्रश्न

(१) गुन्हा दाखल झाला, म्हणजे व्यक्ती गुन्हेगार ठरली का?
नाही. ‘दाखल’ म्हणजे केवळ नोंदलेला. दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलीस लिहून घेतात, तिला प्रथम माहिती अहवाल म्हणतात. ते खबर देणाऱ्याचे म्हणणे असते, सिद्ध झालेले सत्य नव्हे. त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. घटना इंदापूरच्या हद्दीत घडली असली, तरी बारामतीच्या ठाण्यात खबर देता येते. ती पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होते. साध्या दुखापतीसारखा गुन्हा अदखलपात्र असतो. त्याची नोंद होते. मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. लोक जिला ‘एनसी’ म्हणतात ती हीच नोंद होय. संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन शब्द यासाठीच वेगळे ठेवावे लागतात. ‘दोषी’ हा शब्द न्यायालयाच्या निकालानंतरच वापरता येतो.

(२) पोलिसांची नोटीस आली, म्हणजे अटक झाली का?
नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही; ती का आवश्यक आहे, याची कारणे पोलिसांना लिहून ठेवावी लागतात. अटकेची गरज नसेल तेथे हजर राहण्याची नोटीस दिली जाते. ती पाळणाऱ्याला, तशी कारणे नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. नोटीस टाळणे हेच पुढे अटकेचे कारण होऊ शकते. येथे ‘फिर्याद’ आणि ‘जबाब’ यांतील भेदही लक्षात घ्यावा. फिर्यादीवर सही घेतली जाते. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर, कायद्यानुसार, जबाब देणाऱ्याची सही घ्यावयाची नसते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २० सांगतो.

(३) अटक झाल्यास काय मागता येते?
अटकेची कारणे, वकील आणि नातेवाइकांना खबर. अनुच्छेद २२ नुसार प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये स्पष्ट केले, की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. भाषेच्या अभ्यासकाने या निर्णयाकडे विशेष लक्ष द्यावे. न समजणाऱ्या भाषेत सांगितलेले कारण हे सांगितलेले कारण ठरत नाही, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले आहे. ‘पोलीस कोठडी’त आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात असतो, ‘न्यायालयीन कोठडी’त तो तुरुंगात असतो. या दोन्हींचा आदेश न्यायालयच देते.

(४) अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळतच नाही का?
‘अ’ या उपसर्गामुळे सर्वाधिक गैरसमज याच शब्दाविषयी होतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो आणि तो पोलीस ठाण्यातही मिळू शकतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क म्हणून मिळत नाही. परंतु न्यायालय विचार करून तो देऊ शकते. अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. दंडाधिकारी तो देऊ शकत नाहीत. बारामतीस सत्र न्यायालय आहे. न्यायालयाने प्रथम कोठडी दिल्यापासून साठ दिवसांत, आणि गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन मागण्याचा हक्क उत्पन्न होतो. तो अर्ज करून वेळेवर मागावा लागतो.
आणखी एक भेद पाहा. ‘त्याला जामीन मिळाला’ या वाक्यात जामीन म्हणजे तात्पुरती मुक्तता. ‘मी त्याला जामीन राहिलो’ या वाक्यात जामीन म्हणजे हमीदार. हमीदाराने सही करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की आरोपी तारखेस हजर न राहिल्यास बंधपत्रातील रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. जामीन मिळणे म्हणजे खटला संपणेही नव्हे.

(५) ‘दोषारोपपत्र’ आणि ‘दोषारोप’ एकच का?
शब्द जवळचे, पण कर्ते भिन्न. तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयात सादर करतात ते दोषारोपपत्र. न्यायालय स्वतः निश्चित करून आरोपीला वाचून दाखवते व समजावून सांगते तो दोषारोप. न्यायालयाला पुरेसा आधार दिसला नाही, तर या टप्प्यावरच आरोपी ‘दोषमुक्त’ होतो. खटला पूर्ण चालून दोष सिद्ध झाला नाही, तर तो ‘निर्दोष’ सुटतो. ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी दोषारोप समजला नसेल, तर तसे न्यायाधीशांना सांगावे. ‘हो’ या एका अक्षराच्या आधारे शिक्षा होऊ शकते.

(६) वकिलासाठी पैसे नसतील तर?
संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ मधील तत्त्वानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. इतरांसाठी शासनाने ठरवलेली उत्पन्नमर्यादा आहे. अर्ज न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे करावा. १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही माहिती मिळते.
या हक्काच्या इतिहासात पुण्याचा संबंध आहे. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत येरवडा मध्यवर्ती कारागृहाकडे पाठवण्यात आली होती. पण ती कैद्याच्या हाती पडल्याचा, त्याच्या सहीचा पुरावा नव्हता. अपिलाला वर्षांचा विलंब झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला, की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व वेळेवर मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी गरजूला विधी साहाय्यही मिळाले पाहिजे.
बोलीत ‘फुकटचा वकील’ असा शब्दप्रयोग ऐकू येतो. ‘फुकट’मध्ये कमी किमतीची छटा आहे, ‘विनामूल्य विधी सेवा’ या संज्ञेत हक्काची. पहिल्या शब्दाच्या संकोचाने अनेक गरजू दुसऱ्या शब्दाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत.

४.४ सारांश

फौजदारी मराठीतील प्रत्येक संज्ञा प्रक्रियेचा एक टप्पा दर्शवते आणि प्रत्येक टप्प्याला एखादा हक्क जोडलेला असतो. बोलीभाषा हे सर्व टप्पे ‘केस’ या एका शब्दात गोळा करते. त्यामुळे नेमके काय मागावे, हे माणसाला उमगत नाही. हा घटक संज्ञांचा परिचय करून देतो. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन कधीच मिळत नाही.
२. दोषारोपपत्र पोलीस सादर करतात.
३. कोठडीतील व्यक्तीला विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

(आ) ‘जामीन’ या शब्दाचे दोन अर्थ वाक्यांत उपयोग करून स्पष्ट करा.

उत्तरे : (अ) १. चूक २. बरोबर ३. बरोबर. (आ) उपघटक ४.३ मधील प्रश्न (४) पाहा.

४.६ क्षेत्रीय कार्य

फौजदारी खटले सामान्यतः खुल्या न्यायालयात चालतात. जवळच्या न्यायालयात एक दिवस बसून कामकाजात ऐकलेल्या वीस संज्ञा नोंदवा. त्यांचे मूळ, अर्थ आणि टप्पा असा तक्ता करा. त्यांतील पाच संज्ञा घरातील वडीलधाऱ्यांना समजतील अशा भाषेत लिहून काढा. पक्षकारांची नावे मात्र नोंदवहीत लिहू नका.