सासऱ्यांचं घड्याळ, सूनबाईंची तुतारी

प्रश्न : आमच्या घरची मतं वर्षानुवर्षं घड्याळाला. २०२४ च्या लोकसभेला मी मात्र तुतारीचं बटण दाबलं, कारण उमेदवार गेल्या वेळचाच होता. सासरे म्हणतात, सूनबाई फुटल्या! आमदार फुटला तर त्याला अपात्र ठरवतात, मग मतदार फुटला तर?
— एक वाचक, दिघी

उत्तर : काहीही होत नाही. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट १९८५ मध्ये राज्यघटनेत आलं, ते खासदार-आमदारांसाठी. नगरसेवकांसाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. मतदार दोन्हींत नाही. उलट, मत कुणाला दिलं हे सांगायची सक्ती त्याच्यावर कोर्टातही करता येत नाही (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९४). तुम्ही घरात आपण होऊन सांगितलंत, त्याला कायदा काय करणार!

पण फुटलं नक्की कोण? शिवाजीराव आढळराव पाटील तुमच्या शिरूर लोकसभा मतदारसंघातून शिवसेनेच्या धनुष्यबाणावर २००९ आणि २०१४ ला जिंकले, २०१९ ला हरले. तिन्ही वेळा समोर राष्ट्रवादीचं घड्याळच होतं : आधी विलास लांडे, मग देवदत्त निकम, मग अमोल कोल्हे. (कोल्हेही ऐन निवडणुकीच्या तोंडावर शिवसेनेतून आलेले.) फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं आणि मार्चमध्ये आढळराव त्याच गटात दाखल झाले. म्हणजे सासरे चिन्हाला चिकटून राहिले असतील, तर ज्यांच्या विरोधात तीनदा मत दिलं त्यांनाच चौथ्या वेळी देऊन आले. तुम्ही माणूस धरलात : शरद पवारांच्या गटाच्या तुतारीवर उभे असलेले कोल्हे. ते सुमारे १ लाख ४० हजारांनी निवडूनही आले.

विधानसभेची तऱ्हा याहून गमतीची. लोकसभेला घड्याळावर पडलेले लांडे त्याच २००९ मध्ये तुमच्या भोसरी मतदारसंघात अपक्ष उभे राहिले आणि घड्याळाच्याच मंगला कदम रिंगणात असताना आमदार झाले. २०१४ ला महेश लांडगे अपक्ष निवडून आले. २०१९ आणि २०२४ ला भाजपच्या कमळावर. पिंपरी-चिंचवड महापालिकेतल्या १२८ जागांपैकी २०१२ ला राष्ट्रवादीच्या ८३ आणि भाजपच्या ३ होत्या. २०१७ ला भाजप ७७, राष्ट्रवादी ३६. मतदार फिरला म्हणावं, तर निवडून आलेल्यांत कित्येक चेहरे जुनेच होते, उपरणं तेवढं नवं.

माझ्या मते चिन्हापेक्षा माणूस धरणं बरं, पण त्यालाही मुदत हवी. मॅगझीनच्या (लष्करी दारूगोळा साठ्याच्या) भोवतीच्या, बांधकामाला बंदी असलेल्या रेड झोनचं काय केलंत, हे दर निवडणुकीला दारात आलेल्या प्रत्येकाला विचारणारा दिघीकर मला तुम्हा दोघांपेक्षा पक्का वाटतो.

महापालिकेला तर एकालाच धरून राहायचीही गरज नाही. चार सदस्यांच्या प्रभागात चार मतं असतात. कार्यकर्ते ‘पॅनल टू पॅनल’चा (चारही मतं एकाच पक्षाला) घोषा लावतात, पण चार गटांत, म्हणजे चार जागांसाठी, चार वेगळ्या पक्षांना मत देता येतं. एखाद्या गटात कुणीच पटलं नाही तर तिथे ‘नोटा’ दाबा. गट मोकळा सोडलात तर मतदान पुरं होत नाही.