तटाच्या आंतील माणसें

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत जुन्या तटबंदीच्या खुणा ठिकठिकाणीं आढळतात. सिंदखेडराजा येथील काळाकोटाच्या जाड भिंती प्रसिद्ध आहेत. मलकापूरच्या दगडी तटाला ५ वेशी व २८ बुरूज असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. अशा भिंतीजवळून जातांना ती कोणीं बांधली, हें आपण सहज विचारतों. परंतु ती कोणीं राखिली, हा प्रश्न क्वचितच आपल्या मनांत येतो. वस्तुतः हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. भिंत एकदां बांधून होते, पण राखावी रोज लागते. १७६१ सालीं राघोबादादांच्या सैन्यानें लूट करूं नये म्हणून मलकापूरकरांनीं ६०,००० रुपये भरले. त्या वेळीं गांव वांचलें, तें दगडांच्या बळावर नव्हे, पैशाच्या बळावर.

तट राखणारीं माणसें कशीं असत, हें समजण्यास शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांकडे पाहिलें पाहिजे. महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचा जन्म सिंदखेडचा. तेव्हां हा विषय आपणांस परका नाहीं. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस असे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनीसाकडे, धान्य व इतर सामग्री कारखानीसाकडे. तट लांब असल्यास त्याचे भाग पाडून प्रत्येकावर तटसरनोबत नेमीत. नऊ पाईक व दहावा नाईक, अशी शिपायांची वांटणी असे. कोणा एकाच्या मनांत फितुरी आली, तरी गड शत्रूच्या हातीं जाऊं नये, हा त्यांतील हेतु होता.

परंतु केवळ नियमांनीं माणूस आपला प्राण पणास लावीत नाहीं. म्हणून या लोकांना गडाच्या आसपास इनाम जमिनी वंशपरंपरेनें दिलेल्या असत. त्या सर्वांना मिळून गडकरी म्हणत. बाप पहारा करी, त्याच्यामागून मुलगा करी, आणि घरचें पोट त्याच जमिनीवर भरे. ग्रँट डफ या इतिहासकारानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, गडकरी गडाला आपल्याला पोसणारी आई मानीत. वृद्ध व कर्तबगार शिपायांची सोयही या व्यवस्थेंत होत असे, असें तो सांगतो. चाकरींत ज्याचे केस पिकले, त्याला हक्काचा आसरा मिळे. आणि गडाला, प्रत्येक चोरवाट ठाऊक असलेला राखणदार मिळे. दोघांचें हित एक झालें होतें.

गडकऱ्यांत ब्राह्मण होते, मराठे होते, तसेच रामोशी, महार व मांगही होते. रामोशी व महार यांच्याकडे बाहेरच्या चौक्या असत. वाटांवर नजर ठेवणें, शत्रूची बातमी आणणें, विचारपूस करणाऱ्या परक्याला भलत्याच वाटेला लावणें, हीं जोखमीचीं कामें ते करीत. संकट प्रथम त्यांच्यावर येई.

दूरच्या देशांतही हाच अनुभव आला आहे. रोमन लोकांनीं इ. स. १२२ च्या सुमारास ब्रिटनमध्यें हेड्रियन बादशहाच्या आज्ञेनें एक लांब भिंत बांधण्यास आरंभ केला. तिच्यावरील साहाय्यक सैन्यांतील शिपायास २५ वर्षें चाकरी केल्यावर रोमचें नागरिकत्व मिळे. राखणदाराला उद्यांची शाश्वती द्यावी लागते, हें रोमनांनींही ओळखिलें होतें.

ही शाश्वती गेली म्हणजे काय होतें, तें १८४४ सालीं कोल्हापूर संस्थानांत दिसून आलें. इंग्रजांच्या देखरेखीखालीं नवा कारभार सुरू झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आपल्या जमिनी व हक्क जाणार, अशी धास्ती गडकऱ्यांना वाटली. सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनीं दरवाजे बंद करून बंड पुकारलें. इंग्रजांनीं फौज पाठवून तें मोडलें, आणि पुढें किल्ल्यांची तटबंदी पाडून टाकिली. ज्यांनीं गड राखिले, त्यांनाच बंडखोर ठरावें लागलें. तोफांच्या माऱ्यापूर्वींच त्या गडांचें खरें बळ, म्हणजे राज्यकर्ता व राखणदार यांच्यामधील विश्वास, ढासळलेलें होतें.

गडांची ही कथा गांवांनाही लागू पडते. महाराष्ट्रांतील गांवांच्या वेशीवर वेसकर पहारा करी. तो बहुधा महार जातीचा असे. रात्रीं वेस लागे, आंतील मंडळी निर्धास्त निजत. परंतु वेसकराचें स्वतःचें घर त्याच तटाच्या बाहेर असे. ज्याच्या जागण्यावर सारें गांव निजलें, त्याला आंत जागा नव्हती. जुन्या व्यवस्थेचें कौतुक करितांना तिच्यांतील हा अन्यायही आपण विसरतां कामा नये.

विद्यार्थ्यांनीं यांतून एक गोष्ट घ्यावी, अशी आमची इच्छा आहे. शाळेच्या फाटकाशीं, रेल्वेच्या रुळावर, गांवच्या रस्त्यावर आजही कोणी ना कोणी आपल्यासाठीं जागत असतो. त्याचें नांव आपणांस ठाऊक असावें. त्याच्या म्हातारपणाची तरतूद झाली आहे कीं नाहीं, याची चौकशी आपल्या वडीलधाऱ्यांनीं करावी. पडलेला तट पुन्हां बांधतां येतो. दुखावलेला राखणदार पुन्हां मिळणें कठीण.