सहा सुळ्यांचा हत्ती : प्राणिचित्रणाचा एक पाठ

अजिंठ्याच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात छद्दंत जातक चितारलेले आहे. सहा सुळ्यांचा हत्ती कोणी पाहिलेला नाही. तरीही त्या भिंतीवरील हत्ती खोटा वाटत नाही. असे का, हा प्रश्न आम्ही इतिहासाच्या तासाला विचारतो आणि उत्तर चित्रकलेच्या वहीत शोधायला लावतो.

चित्रकाराने सुळे कथेतले घेतले. हत्ती मात्र रानातला घेतला. कल्पनेचा प्राणी विश्वसनीय करावयाचा, तर आधी खऱ्या प्राण्याचा सांगाडा समजून घ्यावा लागतो.

बैलाच्या मागच्या पायाचा उंचावरचा सांधा मुलांना उलटा गुडघा वाटतो. वस्तुतः ती टाच होय. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, बैल दोन बोटांवर. अस्वल आपल्याप्रमाणे तळवा टेकून चालते. वटवाघळाचा पंख म्हणजे लांब बोटांचा हातच.

एवढे उमगले की सांचीच्या तोरणांवरील पंखधारी सिंहांकडे वळावे. चार पायांच्या प्राण्याला पंख देणे म्हणजे आणखी दोन हात देणे. त्यांना खांद्यापाशी मूळ हवे आणि छातीही भरदार हवी. कारण पक्ष्याच्या उड्डाणाचे बळ छातीच्या स्नायूंत असते. पाठीवर नुसते चिकटवलेले पंख प्राण्याला उडवू शकत नाहीत.

एकदा एका पालकांनी आम्हांस विचारले, “सर, ज्या हाडांपासून बाबासाहेबांनी आम्हांला सोडवलं, ती पोराच्या वहीत पुन्हा कशाला?” प्रश्न रास्त होता. मेलेली जनावरे ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांवर लादले गेले आणि त्याच कामाचे निमित्त करून त्यांना अपवित्र ठरविले गेले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा आणि स्वाभिमानाने जगण्याचा उपदेश केला. आम्ही त्या पालकांना एवढेच म्हणालो, “तेव्हा आपल्या माणसांच्या हाती जनावर होते, वही नव्हती. सांधा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. पण त्या जाणतेपणाला ज्ञान म्हणण्याचा अधिकार दुसऱ्यांनी स्वतःकडे ठेवला. तुमचा मुलगा ते ओझे वाहत नाही. तो अभ्यास करतो आहे.” पालक काही बोलले नाहीत. त्यांनी वही मागून घेतली, मुलाने काढलेला बैल बराच वेळ न्याहाळला आणि मागच्या पायाचा एक सांधा बोटाने दाखवून म्हणाले, “हा थोडा खाली घे.”

सांधा खरोखरच खाली हवा होता. मुलाने तो दुरुस्त केला.